धनेशाची ढोली आणि हमीवाला साळिंदर

पशुपक्षी एकमेकांशी शेजाऱ्यांसारखे बोलत, त्या काळची ही गोष्ट. ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घर होतं. धनेशीण पिलांना घेऊन आत बसली होती आणि त्यांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. अशात खोडाला वाळवी लागली.

धनेशानं वाळवीवर औषध करणाऱ्या साळिंदराला बोलावलं. त्यानं बुंध्याला कसलासा पाला फासला आणि ऐटीत सांगितलं, "पाच पावसाळ्यांची हमी!"

पंधरा दिवसांत वाळवी परत आली. धनेश तक्रार घेऊन गेला, तर साळिंदर म्हणाला, "हमी बुंध्याची होती. वरच्या खोडाचं मी कुठं बोललो?"

इकडे धनेशीण आतून म्हणाली, "अहो, कुरतडण्याचा आवाज पिलांच्या अगदी जवळ आलाय."

शेवटी धनेशाच्या बोलावण्यावरून वाळवी खाऊन जगणारं लाजाळू खवले मांजर आलं.

"तुमची हमी किती?" धनेशानं कडवटपणे विचारलं.

"हमी नाही देता येणार. वाळवी मातीतली, ती परत येऊ शकते. ती आली तर मीही येईन."

त्यानं मुळाशी खोल उकरून वाळवीचं घरच फोडलं. पुढे दर आठवड्याला ते येऊन बघून जाई. एकदा तर लंगडत आलं.

"पाय दुखतोय, तर आज कशाला आलात?" धनेशानं विचारलं.

"येईन म्हणालो होतो ना."

ढोलीचं लिंपण फोडून पिलं पहिल्यांदा उडाली, तेव्हा सगळं रान वर बघत होतं. खवले मांजर मात्र मुळं हुंगत होतं. धनेशीण पिलांना खाली घेऊन आली आणि म्हणाली, "आधी यांच्या पाया पडा."