देवांचा पहारा

"मग आता करू तरी काय, माय? हात जोडले, दंडाच्या पावत्या फाडल्या, शिट्ट्या मारून तोंड सुजलं. कायदा मला तोंडपाठ आहे, पण लोकांना लाज नाही!"

रंभामाय मठाच्या ओट्यावर गवार मोडत बसली होती. मोडतच राहिली.

हा ढोबळे, नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक. माणूस कडक, इस्त्री त्याहून कडक. मठाच्या कोपऱ्यावर अख्खं गाव कचरा फेकायचं. सोमवारी तपासणीची समिती येणार होती. कोपरा घाण दिसला तर खुर्ची गेली समज, असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"पण तोड सापडली," म्हणत त्यानं घंटागाडीतून सिमेंटची पाटी आणि एक पिशवी आणली. पिशवीत देवांच्या चित्रांच्या फरशा. गणपती, दत्त, मक्का-मदिना, क्रूस. कुणी सुटायला नको.

"या भिंतीला लावतो. देवाच्या तोंडावर कोण घाण टाकेल? पहिली फरशी तुमच्या हातानं लागू द्या. गाव तुम्हाला मानतं."

"कायद्याला भीत नाहीत, म्हणून देवाला पहाऱ्यावर बसवतोस?"

"देवाची बदली होत नाही, माय."

माय खळखळून हसली. मग म्हणाली, "इथला कचरा जातो कुठं रे?"

"घंटागाडी उचलते की, रोज सकाळी."

"आणि रिकामी कुठं होते?"

"...गावाबाहेर."

"गाव कुठं संपतं, लेका?"

ढोबळेनं कॉलर सैल केली. "ओढ्याच्या काठाला."

"तिथं माणसं राहत नाहीत?"

"वस्ती आहे. ओढ्याचंच पाणी पितात. पण तिकडं समिती जात नाही, माय."

बोलून गेला, आणि आपलंच बोलणं त्याच्या कानात वाजलं.

"तोंडपाठ कायद्यात ओढा आहे का?"



मायनं गवार बाजूला सारली. उठली. फरशा एकेक करून पदरात घेतल्या. ढोबळेला हायसं वाटलं. तो सिमेंटची पाटी घेऊन भिंतीकडं धावला.

माय भिंतीपाशी न थांबता पुढं गेली. घंटागाडीत ड्रायव्हरशेजारी चढून बसली, देव मांडीवर घेऊन.

"माय! भिंत इकडं आहे!"

"पाटी घेऊन ये," माय म्हणाली. "ओढ्यावर लावू. देवाच्या तोंडावर कोण घाण टाकतं, ते बघू."