पंचाची सही

"रोज पहाटे प्रभूचं नाव घेऊन सैतानाला बांधतो, बाबा. तरी तो सुटतो कसा?"

हनोख पाटोळे आमच्या ख्रिस्ती मंडळीतला सगळ्यात तरुण पंच. प्रार्थनेला उभा राहिला की त्याला माईक लागत नाही. चार गल्ल्यांतल्या सैतानांना ऐकू जाईल असा आवाज. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

गमलिएलबाबा आमचे निवृत्त पाळक, ऐंशी पार केलेले. दुपारचे खाटेवर बसून शेंगा फोडत होते.

"सुटला हे कशावरून?"

"झोप लागत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. प्रार्थनेला तोंड उघडलं की शब्द येत नाहीत."

"कधीपासून?"

"झाले... नऊ दिवस."

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. नऊ दिवसांपूर्वी गावाबाहेरच्या वीटभट्टीची भिंत पडली होती आणि तिच्याखाली सापडून तिथं कामाला असलेला मंडळीतला दयानंद शेलार गेला होता.

"पंचनाम्यावर तुझी सही आहे म्हणतात."

"आहे. पंच म्हणून मलाच निवडलं पोलिसांनी."

"हो ना. देवळातला पंच सापडला, मग दुसरा कशाला शोधतील?" बाबा म्हणाले. "काय लिहिलंय कागदावर?"

हनोख जमिनीकडे बघू लागला.

"दयानंद दारू पिऊन भिंतीच्या आडोशाला झोपला होता."

"प्यायचा?"

हनोख पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

"प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा प्याला तू फिरवतोस, हनोख. म्हणून तुला विचारतोय."

"नाही, बाबा." तो दणदणीत आवाज एवढासा झाला. "त्या प्याल्यालाही नुसते ओठ टेकवायचा. बापाच्या दारूनं घर बुडालं होतं त्याचं. मला म्हणायचा, पंच, नुसत्या वासानंही भीती वाटते हो."

"आणि भिंत?"

"महिनाभर तडा होता तिला. दोनदा सांगितलं होतं त्यानं मालकाला."

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"काल सलोमी येऊन गेली," मग ते म्हणाले. "म्हणाली, नवरा काही परत येणार नाही. त्याचं नाव तेवढं परत मिळवून द्या."

दयानंदच्या बायकोचं नाव ऐकून हनोखनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सही कुठं केलीस?"

"घरी. भट्टीचे मालक ठाण्यातून कागद घेऊन आले. मी प्रार्थनेलाच बसलो होतो. दारात आलेल्याला बाहेर कसं ठेवायचं? आत घेतलं, चहा दिला."

"चांगलं केलंस."

"म्हणजे, बाबा... सैतान त्यांच्या रूपानं आला होता?"

"नाही रे. मालक आपल्यासारखाच माणूस. घाबरलेला. त्यानं आपला चहा घेतला." बाबा थांबले. "सही कुणी केली?"

हनोख रडला. मोठ्यानं नाही, इतक्या हळू आवाजात त्याला कुणी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटतं, नऊ दिवसांतली त्याची पहिली खरी प्रार्थना तीच.

डोळे पुसून तो म्हणाला, "ठाण्यात जाऊन खरं सांगितलं, तर आपल्या अकरा घरांचं भट्टीवरचं काम उद्या बंद होईल. माझा सख्खा भाऊ तिथं मुकादम आहे. मला दारात उभं करणार नाही तो."

"नाही करणार," बाबा म्हणाले. त्यांनी खोटा धीर कुणालाच कधी दिला नाही.

"आणि खोट्या सहीबद्दल मलाच आत टाकलं तर?"

"टाकतीलही."

"मग आधी देवाची शस्त्रसामग्री चढवून घेतो, बाबा, डोक्यापासून पायांपर्यंत. तुम्हीच शिकवलंय, तिच्याशिवाय सैतानापुढं उभं राहू नये."

हनोखनं डोळे मिटले. कमरेला हात लावला: सत्य. छातीला लावला: नीतिमत्त्व. डोक्याला: तारण. डाव्या मुठीत विश्वासाची ढाल धरली, उजवीत आत्म्याची तलवार. मग पुन्हा कमरेपासून सुरू केलं. पुन्हा छाती, पुन्हा डोकं. तिसऱ्यांदा कमरेला हात गेला तेव्हा खाट करकरली, पण त्यानं डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा खाटेवर कुणी नव्हतं.

बाबा दाराबाहेर होते. एका हातानं चौकट धरून, मोठ्या कष्टानं वाकून, त्यांनी हनोखच्या चपला उचलल्या होत्या. आत तोंड करून काढलेल्या त्या चपला ते एकेक करून रस्त्याच्या दिशेनं ठेवत होते.

"बाबा, हे काय करताय... माझ्या चपलांना हात लावताय तुम्ही?"

बाबा कसेबसे सरळ झाले.

"बाकीचं सगळं घरात बसून चढवता येतं, हनोख. पायातलं तेवढं उंबऱ्याबाहेर येऊनच घालावं लागतं."