घाबरट हवा आणि कोरडी डोण

“कोणी प्यायलं? कोणी प्यायलं सगळं पाणी?”

गुटकुली बेडकी ओरडली. विहिरीकाठची गुरांच्या पाण्याची दगडी डोण कोरडी पडली होती. तळाशी ओल उरली होती, तळहाताएवढी. ओलीत होता तिचा भाऊ, पिटुकला बेडूकमासा. पाय नाहीत, नुसती शेपटी. उडी मारणार कशी?

फट् फट्! शेपटी आपटत होती.

शेळी तिथेच उभी होती. तिची दाढी ओली होती. ती दुसरीकडे बघू लागली.

गुटकुली निघाली. टुणुक टुणुक!

“पाईपदादा, पाईपदादा, पाणी दे. डोण कोरडी, भाऊ माझा तडफडे!”

“पंप पाणी ढकलेना. मी नाही देणार!”

पंप होता विहिरीच्या तळाशी. तिथे किर्र काळोख. छाती धडधड, धडधड. टुणुक टुणुक... बुडुक!

“पंपआजोबा, पंपआजोबा, पाणी ढकला. पाईप पाणी देईना, डोण कोरडी, भाऊ माझा तडफडे!”

“यंत्र हवा धाडेना. मी नाही ढकलणार!”

गुटकुली वर आली. ओल उरली होती पानाएवढी. हवा खाली धाडणारं यंत्र होतं लिंबाखाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

“यंत्रमामा, यंत्रमामा, हवा धाडा. पंप पाणी ढकलेना, पाईप पाणी देईना, डोण कोरडी, भाऊ माझा तडफडे!”

“घर्र घर्र! हवा आत शिरेना. मी नाही धाडणार!”

ओल उरली बोराएवढी. फट्... फट्... शेपटी हळू झाली.

हवा लिंबाच्या झाडात लपली होती. सळसळ, सळसळ.

“हवामावशी, हवामावशी, आत शिर. यंत्र हवा धाडेना, पंप पाणी ढकलेना, पाईप पाणी देईना, डोण कोरडी, भाऊ माझा तडफडे!”

“मी नाही शिरणार!”

“सगळे म्हणतात मी नाही, मी नाही! मग कोण?”

हवा थरथरली. “खाली काळोख आहे ग. मी तिथेच कोंडली गेले तर?”

“मी आत्ताच जाऊन आले. मीपण घाबरले होते. तू पाणी वर ढकल. मग पंपाची झडप दारासारखी उघडते. तू लगेच बाहेर!”

“आणि तू?”

“मी खाली थांबते. हाक मारते.”

बुडुक!

हवा शिरली यंत्रात. सूंऽऽ!
यंत्राने धाडली पंपाकडे जाणाऱ्या नळीत. घर्र घर्र!
हवा पोहोचली पंपात. सगळा काळोख. हवेने डोळे मिटले.

तेवढ्यात हाक आली. “डराँव!”

हवेने जोर लावला. पंपाने पाणी ढकललं. पाईप म्हणाला, गुडगुड गुडगुड. डोणीत पाणी पडलं. भळ्ळ भळ्ळ!

खट्! झडप उघडली. फुस्स! हवा बाहेर. पंपात पुन्हा पाणी भरलं.

“सुटले! सुटले! पुन्हा जाऊ?” हवा म्हणाली.

“जा, जा!”

सूं... घर्र... भळ्ळ... फुस्स!

गुटकुली विहिरीतून वर आली, टुणुक टुणुक डोणीपाशी गेली. भाऊ दिसेना. कुठे गेला? कुठे गेला?

वळवळ वळवळ! शेपटी हलली. भाऊ पोहत होता.

शेळीने ओली दाढी हळूच पुसली.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “मघाशी मी जरा जास्तच प्यायले.”