टिकलीचं दार आणि सातवी नळी

त्या दिवशी मंगळवार होता. ऊन पडलं होतं. दोरीवर टॉवेल वाळत होते. शेडमध्ये नानांची जुनी निळी गाडी उभी होती. नाना आता नव्हते. गाडी होती.

गाडीच्या चाकाजवळ एक बीळ होतं. बिळात राहायची टिकली उंदरी. एवढीश्शी, करंगळीएवढी. टिकली दाणा आणायला बाहेर पडली. तुर तुर तुर.

तेवढ्यात फोन वाजला. नानांच्या लेकीने, कुंदाने तो घेतला. फोनवर तिचा भाऊ होता. त्याला नुकतंच बाळ झालं होतं. तो म्हणाला, बाळाला आज दवाखान्यातून घरी सोडताहेत, आणि बाळाला नानांच्याच गाडीतून आणायचं.

कुंदाने किल्ली फिरवली. खुर्र खुर्र. गिअर टाकला. गाडी वीतभर सरकली. फुस्स. बंद पडली.

टिकली दाणा घेऊन परत आली. बघते तर काय? दार नाही. दारावर चाक. आता टिकली झोपणार कुठे?

टिकली चाकाला म्हणाली,
"चाका चाका, सरक ना.
माझ्या घराचं दार उघडेना."

चाक म्हणालं, "मी नाही सरकत. इंजिन फिरेल, तर मी सरकेन."

टिकली वर चढली. तुर तुर तुर. वर इंजिन होतं. कोमट कोमट. तेलाच्या वासाचं.

"इंजिना इंजिना, फिर ना.
चाक सरकेना,
माझ्या घराचं दार उघडेना."

इंजिन म्हणालं, "मी नाही फिरत. मला खोकला झालाय. खुर्र खुर्र, फुस्स. नळी ओढेल, तर मी फिरेन."

"नळी काय ओढते?"

"ते नळीलाच विचार."

टिकली पुढे गेली. तुर तुर तुर. नळ्याच नळ्या. काळ्या, मऊ, वाकड्यातिकड्या. एक निघते इथून, जाते तिथे. दुसरी निघते तिथून, जाते कुठे? सगळ्या सारख्याच. म्हणून नानांनी त्यांना रंगीत दोरे बांधले होते. तांबडा, हिरवा, पिवळा. निळा, जांभळा, पांढरा.

"नळी नळी, ओढ ना.
इंजिन फिरेना,
चाक सरकेना,
माझ्या घराचं दार उघडेना."

नळ्या म्हणाल्या, "आम्ही नाही ओढत. आमच्यातल्या एकीला टोकाशी भोक पडलंय. कात्री ते टोक कापेल, तर आम्ही ओढू."

"एकीला म्हणजे कुणाला?"

"आम्हाला काय ठाऊक? तुला दिसते का तुझी पाठ?"

टिकलीने मान वळवून पाहिलं. नाही दिसली.

टिकली खाली उतरली. तुर तुर तुर. फडक्यावर कात्री पडली होती, दोन्ही पाय पसरून.

"कात्री कात्री, काप ना.
नळी ओढेना,
इंजिन फिरेना,
चाक सरकेना,
माझ्या घराचं दार उघडेना."

कात्री म्हणाली, "मी नाही कापत. आपणहून मी कधी कुठे जाते का? कुंदा उचलेल, तर मी कापेन."

कुंदा स्टुलावर बसली होती. हात काळे. नाक काळं. कानाशी रबरी नळीचा एक तुकडा. त्याचं दुसरं टोक ती इंजिनावर फिरवत होती. भोकातून हवा आत शिरते, तेव्हा बारीक आवाज होतो. गाडी सुरू करून, ती पुन्हा बंद पडेपर्यंत कुंदा तो आवाज शोधत होती. असं ऐकायला तिला नानांनीच शिकवलं होतं. आधी शोधायचं, मग कापायचं.

"कुंदा कुंदा, उचल ना.
कात्री कापेना,
नळी ओढेना,
इंजिन फिरेना,
चाक सरकेना,
माझ्या घराचं दार उघडेना."

"अगं बाई," कुंदा म्हणाली, "तुझंही अडलंय होय? पण मी नाही उचलत. भोक कुठेय तेच कळेना. तांबडी बघितली, हिरवी बघितली, पांढरीपर्यंत सगळ्या बघितल्या. कुणी भोक दाखवेल, तर मी उचलेन."

आणि तिने गाडी पुन्हा सुरू केली. खुर्र खुर्र, खुर्र खुर्र.

आता पुढे कुणीच नव्हतं. टिकलीने स्वतःलाच सांगितलं,

"टिकली टिकली, शोध ना.
कुंदा उचलेना,
कात्री कापेना,
नळी ओढेना,
इंजिन फिरेना,
चाक सरकेना,
माझ्या घराचं दार उघडेना."

टिकली निघाली. तुर तुर तुर. तांबड्या दोऱ्याची नळी. मिशी गप्प. हिरव्या दोऱ्याची नळी. मिशी गप्प. पिवळी, निळी, जांभळी, पांढरी. मिशी गप्प गप्प गप्प.

मग एक मोठा डबा आला. डब्यामागे अंधार. अंधारात आणखी एक नळी होती. सातवी. तिला दोराच नव्हता. सहा दोरे नानांनी बांधले. सातवा बांधायचा राहूनच गेला होता.

टिकली जवळ गेली. मिशी हलली. मिशी ताठ झाली. मिशी आतच निघाली. सुर्र्र्र.

टिकलीने मिशी ओढून सोडवली. समोर भोक होतं. भोकाभोवती दातांच्या खुणा होत्या. चार. बारीक. कुणाचे बरं दात? टिकलीने आपले दात लावून पाहिले. बरोबर बसले.

मग तिला आठवलं. काल तिनेच ही नळी कुरतडली होती. आत काय आहे ते बघायला. आत काहीच नव्हतं. म्हणून ती विसरूनही गेली.

टिकली डब्याच्या कडेला आली. मग हळूच म्हणाली, "कुंदा, भोक इथे आहे. मीच पाडलं."

कुंदा वाकली. डब्यामागे हात घातला. भोकावर बोट ठेवलं. इंजिनाचा खोकला थांबला. घुर्र्र्र.

"मी आपली दोरेच मोजत बसले," कुंदा म्हणाली. "सातवी आठवलीच नाही मला."

तिने गाडी बंद केली.
कुंदाने कात्री उचलली.
कात्रीने टोक कापलं. कच्च.
उरलेली नळी गरम पाण्यात मऊ झाली, जागेवर बसली, आणि ओढू लागली.
नळीने ओढलं, इंजिन फिरलं. घुर्र्र्र.
इंजिन फिरलं, चाक सरकलं.
चाक सरकलं, आणि टिकलीच्या घराचं दार उघडलं.

टिकलीने दाणा आत ठेवला. मग परत बाहेर आली. तिला एक विचारायचं होतं.

"नळी ओढते तरी काय?"

"हवा," कुंदा म्हणाली. "सगळी हवा ओढून घेते. म्हणून तुला आत काही दिसलं नाही."

मग तिने नळीचा कापलेला तुकडा टिकलीच्या दारात ठेवला. "चावावंसं वाटलं तर हा चाव. गाडी नको."

कुंदाने शिवणाच्या डब्यातून केशरी दोरा काढला. सातव्या नळीसाठी. पण पाच वाजले होते. दवाखान्यात बाळ वाट बघत होतं. दोरा तिने खिशात ठेवला.

टिकलीने तुकड्याच्या एका टोकाला डोळा लावला. आत काहीच नव्हतं. पलीकडून निळी गाडी दिसली. घुर्र्र्र करत फाटकाबाहेर गेली. थोड्या वेळाने परत आली. आत बाळ होतं.

सातव्या नळीला दोरा बांधायचा अजून राहिला आहे.