ओला कुठं आहे?

पूर्वी अवंती देशात चंडवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका ओताऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. वयात आल्यावर तो राजाच्या ओतशाळेचा मुख्य झाला.

त्या ओतशाळेत एक रीत होती. धातूचा रस ओतण्याआधी प्रत्येक कारागीर मातीच्या साच्यावर तळहात ठेवी. मुख्य विचारी, "सुकला ना?" आणि तो म्हणे, "सुकला." साच्यात ओल राहिली तर रस उसळून माणसांच्या अंगावर येतो, म्हणून ही रीत. पण रीत जुनी झाली की तिचा नुसता सांगाडा उरतो. भट्टीपुढे 'ओला' हा शब्द काढणं अशुभ, अशी समजूत होऊन बसली होती. मग काय, सगळे 'सुकला' म्हणत आणि साचे आपल्या नशिबाने सुकत.

एकदा राजाने नगराच्या वेशीसाठी मोठी घंटा ओतायला सांगितली. ज्योतिष्याने मुहूर्त काढला. ज्याच्यामुळे मुहूर्त टळेल त्याचा हात तोडला जाईल, असं राजाने जाहीर केलं. राजा बोले, दळ हाले. त्या दिवसापासून ओतशाळेतली थट्टामस्करी बंद पडली. माणसं घास गिळतानासुद्धा एकमेकांकडे बघत.

मुहूर्ताच्या सकाळी खेमक नावाच्या साचे करणाऱ्याला साच्याच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या गोलाईवर, बारीक तडा दिसला. सांगावं तर मुहूर्त टळणार आणि हात जाणार. घरी बायको गरोदर होती, आणि थोट्या ओताऱ्याला कोण काम देतो? त्याने ओल्या मातीने तडा लिंपला आणि निखारा जवळ धरून वरची माती पांढरी केली. वरून कोरडं झालं, आत ओलंच राहिलं. एवढीशी तर माती, सुकेल आपोआप, असं तो स्वतःला बजावत राहिला.

भट्टीत घंटेचं कासं वितळलं. राजा येऊन साच्याच्या अगदी जवळ उभा राहिला. एकेक कारागीर पुढे येऊन 'सुकला' म्हणू लागला. खेमकाची पाळी आली. त्याने खांद्याची जागा टाळून खाली हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "सुकला."

बोधिसत्त्वाने मान वर केली. खेमक जन्माचा पुटपुट्या, आज एवढा स्वर कुठून आला? कुठेतरी ओल आहे, हे त्याने ओळखलं. राजासमोर खोदून विचारलं तर पुन्हा 'सुकला' हेच ऐकू येईल, हेही ओळखलं. भ्यालेल्या माणसाला दुसरं उत्तर सुचत नाही.

भीती त्यालाही वाटली. ओताऱ्याचा हात म्हणजे त्याचं सारं आयुष्य. तळव्याला घाम सुटला होता. तोच घामेजला तळवा त्याने साच्यावर ठेवला आणि आजवर कुठल्या मुख्याने उच्चारलं नव्हतं ते उच्चारलं.

"ओला आहे."

ज्योतिष्याने कानांवर हात ठेवले. राजाने विचारलं, कुठे ओला आहे, आणि चूक कोणाची?

"कुठे ते मला ठाऊक नाही, महाराज. पण या साच्यावर शेवटचा हात माझा. मुहूर्त मी मोडला. हात घ्यायचा तर हा घ्या."

जागा दाखवता येत नाही आणि मुहूर्त घालवतोस, असं म्हणून राजा भडकला. आत्ताच्या आत्ता ओत, असं त्याने फर्मावलं. बोधिसत्त्वाने वाद घातला नाही. माझी माणसं भिंतीपलीकडे जाऊ द्या, महाराजांनीही मागे सरावं, मग मी एकटा ओततो, एवढंच तो म्हणाला. आणि भट्टीचं तोंड फोडायचा गज त्याने उचलला.

माणसं पांगली. खेमक मात्र दोन पावलं गेला आणि मागे धावला. साच्याच्या खांद्यात त्याने अंगठा खुपसला. बोटावर ओली माती आली.

"इथं ओला आहे," तो म्हणाला. "हे माझं काम."

त्याने आपला हात बोधिसत्त्वाच्या हाताशेजारी धरला. राजाने ती जागा पाहिली. तो जिथे उभा होता, बरोबर त्याच अंगाला ती होती. तो झटकन मागे सरला.

"महाराज," बोधिसत्त्व खेमकाचा हात दाखवून म्हणाला, "या हातानं आत्ता तुमचा जीव वाचवला. हा तोडलात, तर पुढच्या वेळी ओल दाखवायला कुणी बोट उचलणार नाही."

राजाने शिक्षा मागे घेतली. मग त्याने मुहूर्त जाऊ दिला.

त्यानंतर बोधिसत्त्वाने प्रश्नच बदलला. 'सुकला ना?' असं तो विचारीना, "ओला कुठं आहे?" असं विचारी. जो दाखवील त्याच्या हातून घंटेचा पहिला टोला पडे. वेशीची घंटा पुढे नीट ओतली गेली, तेव्हा पहिला टोला खेमकाने दिला. त्याच हाताने.

पुढे कित्येक जन्मांनंतर उदंबर नावाचा एक भिक्षू विहाराच्या बांधकामावर देखरेख करीत असे. त्याच्या ओरडण्याला भिऊन गवंड्यांनी भिंत कलल्याचं सांगितलं नाही, म्हणून भिक्षूंच्या गुरूने, शास्त्याने, ही गोष्ट सांगितली. "तेव्हाचा खेमक म्हणजे हे गवंडी, चंडवर्मा म्हणजे हा उदंबर, आणि ओतशाळेचा मुख्य मीच होतो," असं तो म्हणाला.

उदंबर उठला. भिंतीशी जाऊन त्याने हळू आवाजात विचारलं, "कुठं कललीय, सांगता का?" गवंड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने हात वर करून जागा दाखवली.

या गुणाला करुणा म्हणतात. भ्यालेल्या माणसाकडे ती अभय होऊन जाते.