खडकावरची तांबडी रेघ

बर्फाचा कडा कोसळल्याचा गडगडाट म्हाताऱ्या रानबोकडाने फार वर्षांपूर्वी आल्प्सच्या डोंगरात ऐकला होता. तेव्हा हिमनदी खालच्या एका मोठ्या खडकापर्यंत यायची आणि कळप तिथेच पाणी प्यायचा. पुढे बर्फ मागे सरत गेला. तो जिथे संपे, तिथल्या दगडावर माणसं दरवर्षी तांबडी रेघ मारत.

या रेघांनीच बर्फ अडवलाय, असं बोकडाला वाटलं. तो त्या मोठ्या खडकावरची पहिली रेघ शिंगांनी घासू लागला. मागे कळप तहानलेला उभा होता.

“आजोबा, शिंगं झिजतील,” एक शेळी म्हणाली.

“झिजू देत. रेघ गेली की बर्फ खाली येईल.”

“बाबा रे,” खडक म्हणाला, “आधी बर्फ जातो, मग माणूस रेघ मारतो.”

बोकड थांबला. पिल्लांचे कोरडे ओठ त्याने पाहिले. मग कळपाला घेऊन तो दूर वरच्या बर्फाकडे चढू लागला.