वेळेवर सुटलेली गाडी

जपानातल्या एका डोंगरी गावात तोमेकिची नावाचा एक भोळसट राहत होता. भोळसट हा शब्द त्याच्या आईचा. गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणे. तरी विजेवर धावणाऱ्या एक्स्प्रेस गाडीवर तो गार्ड म्हणून लागला, कारण अर्जात लिहिलं होतं, ‘सांगितलेलं सगळं ऐकतो.’ टोफूवाल्या गेनझोने लगेच आपली मुलगी फुमी त्याला देऊ केली. अट एकच. "लग्नापर्यंत नोकरी टिकली पाहिजे."

पहिल्या दिवशी त्याचे वरिष्ठ कुरोदासाहेब म्हणाले, "जे दिसेल त्याच्याकडे बोट दाखवायचं, मोठ्याने नाव घ्यायचं आणि ‘ठीक’ म्हणायचं. म्हणजे चूक होत नाही."

"होय साहेब."

तोमेकिची डब्यात शिरला. "टक्कल एक, ठीक! घोरणाऱ्या बायका दोन, ठीक! कवळी पेल्यात, ठीक!"

तक्रारींचा ढीग पडला. साहेब कडाडले, "गाढवा, बोट सिग्नलला, फलाटाला! प्रवासी समोर आला की तोंड बंद ठेवून कमरेत वाकायचं."

"होय साहेब."

दुसऱ्या दिवशी मधल्या स्टेशनवर एक बाई जेवणाचा डबा घ्यायला उतरल्या. त्या डुलत डुलत परत येताना दिसल्या, तसा हा दारात वाकला. त्यांच्या मागून एक म्हातारा आला. हा वाकलेलाच. माणसं संपेनात आणि याची कंबर सरळ होईना. गाडीला तीन मिनिटं उशीर झाला. तिकडे अर्ध्या मिनिटात अब्रू जाते!

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे ठोंब्या, वेळ झाली की शिट्टी, दार बंद, गाडी चालू! माझा बाप दाराशी उभा असला तरी! आता चुकलास तर कायमचा घरी बसशील."

"होय साहेब."

लग्नाचा दिवस उजाडला. देऊळ शहरात, मुहूर्त बाराचा. रजा घे असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून नवरदेव ड्युटीवर. वऱ्हाड त्याच्याच गाडीत बसलं. सगळ्यांच्या मागून फुमी जड किमोनो सावरत, इवली पावलं टाकत दाराशी आली. दहा वाजले. शिट्टी झाली, दार मिटलं, गाडी सुटली. आज ती थेट शहरातच थांबणार होती.

"अरे मेल्या, माझी पोरगी!" गेनझो किंचाळला.

तोमेकिचीने खिडकीतून मागे बोट दाखवलं. "नवरी फलाटावर, ठीक!" मग तो सासऱ्याकडे वळला, तोंड बंद केलं आणि कमरेत वाकला.

बारा वाजता देवळात पुजारी होता, वऱ्हाड होतं, नवरदेव होता. आणि नोकरी टिकली होती.